काखेत लावला तर एक मिळवायचा

“झाली का पाच मिनिटं?” आबाकाकांनी विचारलं.

“होताहेत,” नाना म्हणाले. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलली नव्हती.

मी पलंगावर भिंतीला टेकून बसले होते आणि डावा हात अंगाशी आवळून धरला होता, कारण काखेत थर्मामीटर होता. अकोल्यातला मार्च महिना. संध्याकाळ झाली तरी भिंती गरम होत्या, आणि तरीही आईनं माझ्या अंगावर शाल घातली होती. समोर लाकडी खुर्चीत आबाकाका. ते नानांचे थोरले भाऊ. वाशीमहून दुपारच्या एसटीनं ते फक्त एवढ्यासाठी आले होते, की पुतणीचा ताप स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. नाना, म्हणजे माझे वडील, थोरल्या भावासमोर कधी बसत नसत, त्यामुळे ते उभे. आई स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावर पदर घेऊन. एवढ्याशा काचेच्या नळीपायी चार माणसं खोळंबून होती, हे आज आठवलं की मला हसू येतं. त्या दिवशी आलं नव्हतं.

पुढे मी वकील झाले. माझा जन्म साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात गेला. त्या संध्याकाळचे सगळे साक्षीदार मी मनातल्या मनात कितीदा तरी पिंजऱ्यात उभे केले आहेत. म्हणून जे पाहिलं ते आधी सांगते. जे दिसलं नव्हतं ते नंतर कळलं, आणि ते त्याच्या जागी येईल.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. नाना अकोल्याच्या हवामान वेधशाळेत निरीक्षक होते. पहाटे उठून पारा बघायचा, पाऊस मोजायचा, वारा कुठून येतोय ते टिपायचं आणि पुण्याला तार करायची, हे त्यांचं काम. सत्तावन्न साली सरकारनं हवामानातलं फॅरनहाइट काढून सेल्सिअस आणलं, तेव्हा खात्यातल्या जुन्या माणसांनी कपाळाला हात लावले. नानांना मात्र आनंद झाला. एका मापातून दुसऱ्या मापात जाणं हा त्यांचा छंदच झाला. “दुप्पट करा, त्यातून दहावा हिस्सा काढा, वर बत्तीस मिळवा,” हे सूत्र आम्ही परवच्यासारखं ऐकत वाढलो. म्हणजे मी ऐकलं आणि सोडून दिलं. मॅट्रिकला माझं गणित सुटलं, ते कायमचंच.

गल्लीला मात्र सेल्सिअस कधी मानवलं नाही. उन्हाळ्यात नाना कचेरीतून परत येऊ लागले की कोपऱ्यावरचे गोळेगावकर मास्तर ओट्यावरूनच ओरडत, “नाना, आज किती?”

“पंचेचाळीस.”

“पंचेचाळीस नको बापा. जुन्यात सांगा.”

“एकशे तेरा.”

“हां! आता कसं घाम आल्याचं चीज झालं.”

घरातही तेच. जुना थर्मामीटर फुटल्यावर नानांनी हौसेनं नागपूरहून सेल्सिअसचा आणवला, कारण घरात दोन मापं नांदणं त्यांना पटत नव्हतं. पण आईला ताप सेल्सिअसमध्ये ताप वाटतच नसे. “माणूस तापानं फणफणलाय आणि हे म्हणतात अडतीस!” म्हणून घरात कुणी आजारी पडलं की आई थर्मामीटर बघणार, आकडा सांगणार, आणि नाना त्याचं जुन्यात रूपांतर करून देणार, अशी वाटणी झाली होती.

त्यात एक गोष्ट अशी, की आमच्याकडे थर्मामीटर तोंडात घालायची पद्धत नव्हती. घरात नळी एक आणि माणसं तीन. तोंडात घातली की ती उष्टी झाली. मग काखेतच लावायचा, आणि काखेतला आकडा अंगातल्या खऱ्या तापापेक्षा कमी येतो म्हणून वर एक मिळवायचा. हे आम्हालाच काय, अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. काखेत लावला तर एक मिळवायचा, यावर कुणी कधी वाद घातला नाही.

आता लग्नाचं. आबाकाकांनी माझ्यासाठी कारंज्याचं स्थळ आणलं होतं. राजूरकर, तेलगिरणीवाले. मुलगा तिशीच्या पुढचा, गोरा आणि अतिशय गप्प. मला पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, “लोणी कढवताना तूप करपू देत नाही ना?” मी म्हटलं, लक्ष ठेवलं तर नाही करपत. उत्तर पसंत पडलं. त्याच्या वडलांनी जाता जाता सांगितलं, “परीक्षा दिली नाही तरी चालेल. आम्हाला का नोकरीला पाठवायची आहे?” मुहूर्त निघाला अक्षय्य तृतीयेचा. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा त्याच सुमाराला होती आणि त्यानंतर मला नागपूरला लॉ कॉलेजात जायचं होतं. ही इच्छा मी घरात सांगून ठेवलेली होती. तेव्हा नाना हसून “बघू” म्हणाले होते.

मुहूर्त ठरल्यावर मी आधी आईकडे गेले. ती गहू निवडत होती.

“आई, मला हे लग्न नको.”

तिचा हात सुपात थांबला. “मला सांगून काय उपयोग? नानांना सांग.”

नानांना गाठायचं तर सकाळी, ते कचेरीला निघताना. मी फाटकापर्यंत गेले.

“नाना, मला लग्न नाही करायचं. मला वकील व्हायचंय.”

त्यांनी सायकलचं हँडल धरलं होतं. बराच वेळ त्यांनी ते सोडलं नाही आणि सायकलवर बसलेही नाहीत.

“आबांनी शब्द दिलाय, शरयू,” शेवटी ते म्हणाले.

“तुम्ही बोला ना त्यांच्याशी.”

“मी काय बोलू? आमचे वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. आबांनी शाळा सोडली आणि मला शिकवलं. त्यांच्यापुढे मी कधी नाही म्हटलेलं नाही.”

सायकल निघून गेली. मी फाटकाशी उभी राहिले. मला दोघांचाही राग आला होता, हे खरं. पण त्याहून जास्त खरं म्हणजे मला फार एकटं वाटलं. ज्यांनी माझ्या बाजूनं बोलायचं ती दोन्ही माणसं मला एकमेकांकडे पाठवत होती.

फेब्रुवारीत मला हिवताप झाला. चांगला सणसणीत, थंडी वाजून. गोळ्यांनी तो उतरला, पण आई रोज संध्याकाळी थर्मामीटर लावतच राहिली. आणि एके दिवशी ती म्हणाली, “कसर दिसतेय गं अंगात.” दुसऱ्या दिवशीही कसर, तिसऱ्या दिवशीही. सकाळी काही नाही, संध्याकाळी शंभराच्या आसपास. मला स्वतःला काहीच होत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती. पण रोज कुणी आपल्याला सांगत राहिलं की तुझ्या अंगात ताप आहे, तर हळूहळू डोळे जळजळल्यासारखे वाटू लागतात. मीही अंग चोरून चालू लागले.

संध्याकाळची कसर म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला फोड करून सांगावं लागत नसे. क्षयाचं नावही कुणी मोठ्यानं घेत नसे. डॉक्टर सावदेकरांनी छातीचा फोटो काढला. फोटो स्वच्छ निघाला. त्यांनी दवाखान्यात जिभेखाली थर्मामीटर ठेवला, तेव्हाही काही नव्हतं.

“सकाळी नसतेच हो डॉक्टर,” आई म्हणाली. “दिवेलागणीला येते.”

“फोटोत तर काही दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण रोज शंभराला टेकत असेल, तर सहा महिने दगदग नको. लग्नबिग्न तर नकोच. पुन्हा एकदा फोटो काढू, मग बघू.”

हे वाशीमला कळलं आणि आबाकाका आले. आबांवर मी अन्याय करणार नाही. येताना त्यांनी माझ्यासाठी बदाम आणले होते आणि घरात शिरल्याबरोबर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

“कपाळ तर थंड लागून राहिलंय,” ते म्हणाले होते.

“तेच तर,” आई दारातून नानांकडे बघत म्हणाली होती. “हाताला कळत नाही. मुरलेली आहे.”

म्हणूनच आता सगळे थर्मामीटरची वाट पाहत होते.

“झाली,” नाना म्हणाले.

आई पुढे आली. तिनं माझ्या काखेतून नळी काढली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. ती काही बोलायच्या आत आबांनी हात पुढे केला.

“इकडे आण यमुना. मी बघतो.”

आईनं नळी त्यांच्या हातात दिली. आबांनी ती चष्म्याच्या वर धरली, चष्म्याच्या खाली धरली, आणि दचकलेच.

“छत्तीस? त्र्यंबक, छत्तीस म्हणजे माणूस गेला की रे!”

“ते सेल्सिअस आहे, आबा,” नाना म्हणाले. “त्याचं जुन्यात करावं लागतं.”

“मग कर ना. आणि काखेत लावलाय. एक मिळवावा लागतो, विसरू नका.”

“छत्तीस पॉइंट सात,” आई हळू आवाजात म्हणाली. ती आबांशी थेट बोलत नसे, म्हणून नानांकडे बघून सांगत होती. “एक मिळवून सदतीस पॉइंट सात.”

“हां,” आबा म्हणाले. “आता सांग त्र्यंबक.”

सगळ्यांचं तोंड नानांकडे वळलं. एरवी अशा आकड्याला नानांना वेळ लागत नसे. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार असे. त्या दिवशी ते थांबले. त्यांनी आधी थर्मामीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली फरशीकडे. आईकडे मात्र पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, आता ते आबांची समजूत घालतील आणि म्हणतील, थोडीशीच आहे, होईल बरी, लग्नाचं थांबवायला नको. मी शालीत मुठी आवळल्या.

“नव्याण्णव पॉइंट नऊ,” नाना म्हणाले.

“म्हणजे शंभरच.”

“एक दशांश कमी.”

आबांनी थर्मामीटर मांडीवर ठेवला. “नक्की ना?”

“सदतीस पॉइंट सातचे नव्याण्णव पॉइंट नऊच होतात,” नाना म्हणाले. “हवं तर कागदावर मांडून दाखवतो.”

“नको रे. तू सांगितलंस म्हणजे झालं. तुझ्या आकड्यावर सरकार चालून राहिलं, मी कोण लागून गेलो?”

बाहेर गोळेगावकर मास्तर कुणाला तरी हाका मारत होते. मग आबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, आधी तू बरी हो. जीव राहिला तर छप्पन्न स्थळं येतील.” आणि नानांकडे वळून म्हणाले, “राजूरकरांना मी स्वतः जाऊन सांगतो. लपवून लग्न लावायची आपल्या घराण्याची रीत नाही. शब्द मी दिला होता, मीच परत घेईन.”

जेवायला थांबा म्हणून आईनं नानांकरवी खूप आग्रह केला, पण ते थांबले नाहीत. जाताना चप्पल घालायला वाकले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिलं.

राजूरकरांनी घोळ घातला नाही. त्यांनी त्याच मुहूर्तावर मूर्तिजापूरची मुलगी केली. पुढे कधीतरी त्यांच्या गिरणीचा एक दावा माझ्याकडे आला, आणि पक्षकार म्हणून ते अतिशय सभ्य निघाले.

अक्षय्य तृतीया उलटली आणि माझी कसर उतरली. आई म्हणाली, “उन्हाळ्यानं सुकली.” मी परीक्षा दिली. दुसरा फोटोही स्वच्छ निघाला. पण एव्हाना अकोल्यापासून यवतमाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात मी छातीची मुलगी झाले होते, आणि अशा मुलीला कोण सून करून घेणार? घरी बसून तरी ती काय करील, असं म्हणत आबांनीच मला नागपूरला पाठवायला संमती दिली. माझ्या वकिलीची सुरुवात ही अशी झाली. ज्या रोगानं माझी वाट मोकळी केली, तो मला कधी झालाच नव्हता.

किंमत आईनं मोजली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईनासं झालं. आलेल्या बायका आमच्याकडे पन्हं घेत नसत, “आत्ताच घेऊन निघाले” म्हणत. तिनं शिवून दिलेली दुपटी परत आली. मी सुट्टीत घरी आले की हे दिसे. मला वाईट वाटे, आणि मनातला जुना रागही जात नसे. वाटे, तेव्हा दोन शब्द बोलली असतीस, तर हे सगळं एका दमात मिटलं असतं. मी सुटले होते ती नशिबानं. माझ्या आईवडलांनी माझ्यासाठी काही केलं होतं, असं मला वाटत नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, नाना नागपूरला माझ्याकडे राहायला आले होते. एक दिवस हौसेनं कोर्टात येऊन बसले. माझी उलटतपासणी चालू होती. साक्षीदार पक्का होता, एकही शब्द खोटा बोलत नव्हता, आणि तरी सगळं खोटं सांगत होता. दुपारच्या सुट्टीत आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली चहा घेत बसलो.

“याला शिक्षा होईल का गं?” नानांनी विचारलं.

“कशाची? एक वाक्य खोटं नाही त्याचं. विचारलं तेवढंच सांगतोय.”

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “मग मलाही नाही होणार.”

“तुम्हाला कशाची शिक्षा?”

“तुझा ताप,” ते म्हणाले. “आबा आले होते त्या दिवशीचा. सदतीस पॉइंट सातचे नव्याण्णव पॉइंट नऊच होतात. त्यात काडीची चूक नाही. फक्त एक कुठे मिळवला, हे मला कुणी विचारलं नाही.”

मला काही कळेना. नानांनी मग मला चहाच्या टपरीवर तो धडा शिकवला, जो मी शाळेत टाळला होता. काखेतला आकडा एकानं कमी येतो तो फॅरनहाइटचा एक. जुन्या थर्मामीटरच्या काळातली ती रीत. सेल्सिअसचा अंश मोठा, तिकडच्या जवळजवळ दोन अंशांएवढा. म्हणून आधी आकडा जुन्यात करायचा आणि मग त्यात एक मिळवायचा. आधी एक मिळवून मग जुन्यात केला, तर तो एक जाताना एक असतो आणि पोचेपर्यंत दोन होतो.

“तुला कसर नव्हतीच,” नाना म्हणाले. “छत्तीस पॉइंट सातचे अठ्ठ्याण्णव, आणि एक नव्याण्णव. कुणाच्याही अंगात असतो तेवढा. तुझी आई दर वेळी आधी आकडा सांगायची, मी जुन्यात करायचो, मग ती एक मिळवायची. त्या महिन्यात ती आधीच एक मिळवून सांगायला लागली. तुझ्या काळजीनं गडबडली असेल बिचारी. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू कारंज्याला असतीस.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “आबांना नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, शरयू. चूक आपल्या पायांनी चालत घरात आली होती. मी फक्त दार लावलं नाही.”

इतकी वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात भित्रा म्हणत आले होते. मी त्यांचा हात धरला. कोर्टाच्या आवारात, काळ्या कोटात, लोक येता जाता बघत असताना मी रडले.

“एक कर,” ते म्हणाले. “आईला कळू देऊ नकोस. तिच्या चुकीमुळे तुझ्यावर बट्टा लागला, असं तिला वाटेल. हळदीकुंकवाचं वगैरे तिनं फार सोसलंय. ते निदान देवाची करणी म्हणून सोसू दे.”

मी कबूल केलं आणि नाना असेपर्यंत ते पाळलं.

नाना गेल्यानंतर मी अकोल्याला आईजवळ राहिले होते. भेटायला लोक येत होते. एके सकाळी वेधशाळेतले त्यांचे जुने सहकारी येऊन गेले. जाताना ते म्हणाले, “वहिनी, एवढ्या नोकरीत नानांच्या नोंदीत चूक म्हणून सापडली नाही. असा माणूस होणे नाही.”

ते फाटकाबाहेर पडले. आई दारात उभी होती.

“एक झाली होती,” ती म्हणाली.

“काय?”

“चूक. एक झाली होती त्यांच्या हातून. पण ती मीच करायला लावली होती.” ती आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. “आता ते नाहीत, म्हणून सांगते तुला. तुझ्या अंगात कसर नव्हती गं. मी एक आधी मिळवत होते.”

मी तिच्याशेजारी बसले.

“तुला कसं माहीत, की आधी मिळवला तर...”

“म्हणजे काय? इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकत होते. पंचेचाळीसचे एकशे तेरा. शेहेचाळीस झाले की एकशे पंधराच्या घरात. इकडे एक वाढला की तिकडे दोन वाढतात, हे कळायला काय मॅट्रिक व्हावं लागतं? तू आलीस ना माझ्याकडे, लग्न नको म्हणून. आबांपुढे मी कशी बोलणार? हे तर बोलणारच नव्हते. मग म्हटलं, जे आबाही ऐकतात तेच बोलू दे. आकडा.”

“आणि नानांना सांगितलं नाहीस?”

“त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी केलं असतं होय? आबांपुढे जाणूनबुजून चुकीचा आकडा! जीव गेला असता त्यांचा.” आईनं पदरानं डोळे टिपले, आणि त्याच चेहऱ्यावर थोडंसं हसूही आलं. “पण खरं सांगू? रोज संध्याकाळी तुझ्या काखेतून ती नळी काढताना वाटायचं, आज पकडतील, उद्या पकडतील. आणि आबा बसले होते त्या दिवशी हे थांबले ना, तेव्हा मी देवाचं नाव घेत होते. नाही पकडलं. एवढे हिशेबी, पण माझी लबाडी त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.”

बोलू नये, हे मला कळत होतं. मी नानांना शब्द दिला होता. पण ती समोर बसून त्यांना भोळं ठरवत होती, आणि ते मला सोसेना.

“आई, त्यांना कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“सगळं. पहिल्याच दिवशी. मला त्यांनी कोर्टात सांगितलं. त्यांना वाटत होतं, तुझी ती चूक आहे. तुला कळू देऊ नको म्हणाले. तुझ्या जिवाला लागेल म्हणून.”

आईचा पदर हातात तसाच राहिला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे. मला वाटलं ती रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आला तो राग होता, आणि तोही खरा, संसारातला, ताजा.

“म्हणजे त्यांना ठाऊक होतं?” ती म्हणाली. “आणि मी एकटी भीत बसले? जन्मभर?”

“तेही भीतच होते, आई.”

“एका शब्दानं बोलले असते! जेवताना, कधी अंगणात बसल्यावर. एकदा तरी म्हणायचं, अगं, तुझी चलाखी मला कळली होती. दोघं मिळून हसलो असतो.”

ती उठली. खुर्चीपाशी गेली, खुर्चीच्या पाठीवरचा नानांचा पंचा तिनं उचलला, घडी घातली, पुन्हा मोडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“आता मी भांडू कुणाशी?”